झबला पिशवीचं कूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, असं म्हणतात. नंदुरबारच्या भाजीबाजारात संध्याकाळी पायाखाली येणाऱ्या पातळ पिशवीचं कूळ विचारायला मात्र हरकत नसावी. आणि ते विचारायला गेलं की नदीच वाटेत भेटते. तापी मुलताईला उगम पावते, खानदेश ओलांडून प्रकाशाच्या घाटांवरून पुढे जाते, उकाईच्या जलाशयात थबकते आणि सुरत मागे टाकून खंभातच्या आखाताला मिळते. तिथे, मुखाशीच, हजिऱ्याला 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला रिलायन्सचे पॉलिथिनचे कारखाने उभे राहिले. पाणी खाली गेलं, प्लास्टिक वर आलं. सुरतेहून नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा अशी येणारी आगगाडीची वाट आणि तिच्या सोबतीचा हमरस्ता हा या भागाच्या व्यापाराचा जुना मार्ग. पिशवीलाही दुसरी वाट शोधावी लागली नाही.

पण कूळ सांगायचं तर नुसता बाप सांगून भागत नाही. आजे-पणजे सांगावे लागतात, भाऊबंद मोजावे लागतात, आणि घरात दत्तक कोण आला तेही पाहावं लागतं.

जुन्या आठवडे बाजाराचा एक न लिहिलेला कायदा होता. माल दुकानदाराचा, भांडं गिऱ्हाइकाचं. गोडं तेल आणायचं तर बाटली घरून, रॉकेलला डबा घरून, दुधाला किटली, धान्याला गोणी, भाजीला कापडी थैली. ती थैली बहुधा जुन्या पायजम्याच्या पायाची नाहीतर साखरेच्या पोत्याच्या आतल्या कापडाची, घरच्या नाहीतर शेजारच्या शिलाई मशीनवर शिवलेली. थैली विसरली तर बाईची ओटी होती, गड्याच्या धोतराचा सोगा होता, टॉवेलाच्या टोकाला मारायची गाठ होती. लांबच्या प्रवासाला खांद्यावर पुढे-मागे लोंबणारी पडशी. वाणी पुडी बांधून देई, पण त्या पुडीला कान नव्हते. ती तुमच्या थैलीत जाण्यासाठीच असे. माल बांधणं हे दुकानदाराचं काम आणि वाहून नेणं हे गिऱ्हाइकाचं. पुढचा सगळा इतिहास या दोन कामांची सरमिसळ कशी झाली याचाच आहे.

सातपुड्यात हा कायदा आणखी पक्का होता. धडगाव, मोलगी, तोरणमाळच्या बाजूला डोक्यावरची बांबूची टोपली हेच वाहन. आमचूर, चारोळी, मोहाची फुलं टोपलीतून खाली उतरत आणि मीठ, गूळ, सुकी मासळी त्याच टोपलीतून वर चढत. पाण्याला आणि मोहाच्या दारूला वाळवलेल्या भोपळ्याचा तुंबा, मटणाला सागाचं पान, प्रसादाला पळसाचा द्रोण. पान आणि द्रोण टाकून दिले तर शेळी खाई. टोपली, तुंबा, थैली घरी परत जात. फेकण्याजोगं आणि राखण्याजोगं यांच्या सीमा आखलेल्या होत्या. हे सगळं निसर्गप्रेमापोटी चालत होतं असं म्हणायचा मोह अनेकांना होतो. मला तसं वाटत नाही. भांडं महाग होतं आणि फुकट देणारा कोणी नव्हता, म्हणून लोक ते जपत होते. कारण साधं होतं, म्हणूनच ते इतकं टिकलं.

टोपली विणणाऱ्यांचीही एक वेगळी कथा आहे. नवापूरकडे कोटवालिया कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या बांबूकाम करत आली. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत विटोलिया, कोटवालिया, बरोडिया अशी त्यांची नोंद एकत्र आहे. सूप, टोपली, डालगं, कणगी हा त्यांचा माल. आता 1927 चा भारतीय वन कायदा पाहा. वनस्पतिशास्त्र ज्याला गवतात घालतं त्या बांबूची गणना या कायद्याच्या व्याख्येत झाडात झाली. परिणाम असा की बांबू तोडायला परवाना आणि न्यायला पास. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं, आणि वनाबाहेर वाढलेला बांबू झाडांच्या व्याख्येतून बाहेर काढायला नोव्हेंबर 2017 उजाडला. म्हणजे नव्वद वर्षं टोपलीच्या कच्च्या मालावर वनखात्याचा डोळा होता. याच काळात प्लास्टिकच्या दाण्यांची पोती ट्रकने कुठूनही कुठेही गेली; त्यांना नाक्यावर कोणी वनपास विचारला नाही. प्लास्टिकने टोपलीला बाजारातून हाकललं असं आपण म्हणतो. त्या शर्यतीत टोपलीचे पाय आधीच बांधलेले होते, हे सहसा कोणी सांगत नाही.

मैदानी भागातल्या भाऊबंदांत थोरला म्हणजे ताग. नंदुरबार हे लाल मिरचीचं गाव. हंगामात गावाबाहेरच्या मोकळ्या माळांवर मिरचीच्या पथाऱ्या पडतात, वाऱ्याबरोबर ठसका गावात शिरतो आणि वाळलेली मिरची बारदानात भरून निघते. हे बारदान बंगालचं. हुगळीकाठी रिश्रा गावी 1855 मध्ये जॉर्ज अ‍ॅकलंडने भारतातली पहिली ताग गिरणी काढली. आणि कुळकथेतला योगायोग असा की याच रिश्र्यात 1959 साली, आयसीआय या ब्रिटिश कंपनीशी नातं असलेल्या अल्कली अँड केमिकल कॉर्पोरेशनने पॉलिथिन तयार करायला सुरुवात केली. गोणपाट आणि पॉलिथिन, दोघांची भारतातली पहिली पावलं एकाच गावात पडली. असा योगायोग कादंबरीत घातला तर समीक्षक नाकं मुरडतील.

मधल्या पिढीत रद्दीची पिशवी येते. मैद्याची खळ शिजवायची, जुन्या वर्तमानपत्राचे ताव कापायचे, दुमडून चिकटवायचे, शेकड्याने दुकानात द्यायचे. खानदेशातल्या कितीतरी घरांत बायका-मुलांनी दुपारी हे काम केलं आणि वह्या-पुस्तकांचा खर्च त्यातून काढला. ही पिशवी ओली झाली की तळ सोडते, हा तिचा दोष. पण तिच्यातून मिळणारा पैसा गावात राहत होता. आज शहाद्याकडे रद्दीला दुसरं गिऱ्हाईक आहे. पपई लांबच्या बाजाराला निघते तेव्हा फळं कागदात गुंडाळून ट्रकमध्ये रचली जातात. अजून एक भाऊबंद विसरून चालणार नाही, तो म्हणजे युरियाची रिकामी गोणी. पांढऱ्या विणीच्या प्लास्टिकची ती गोणी धुऊन, कापून, दोन कान लावून बाजाराची थैली करायची कल्पना खेडोपाडी निघाली, त्यासाठी कोणाचं शिबिर भरलं नव्हतं. वाण प्लास्टिकचं, पण चालरीत जुन्या थैलीची. घराण्यातला हा खरा दत्तक.

आता मूळ पुरुषाकडे येऊ. पॉलिथिन हाती लागलं 1933 मध्ये, इंग्लंडात नॉर्थविचला, आयसीआयच्या प्रयोगशाळेत, आणि तेही अपघाताने. त्याची पिशवी व्हायला आणखी तीन दशकं जावी लागली. स्वीडनमधल्या सेलोप्लास्ट कंपनीचा अभियंता स्टेन गुस्ताफ तुलीन याने एक सोपी युक्ती काढली. प्लास्टिकची फुगवलेली चपटी नळी घ्यायची, वर-खाली तापवून डकवायची आणि वरच्या बाजूने एक तुकडा छापून काढायचा. राहिलेले दोन पट्टे म्हणजे कान. ना शिलाई, ना खळ, ना वेगळे बंद. 1965 मध्ये कंपनीला तिचं अमेरिकी पेटंट मिळालं. 1977 मध्ये मोबिल या तेल कंपनीने ते मोडून काढलं आणि मग ही पिशवी कोणीही करू लागलं. तिचा आकार बाळाच्या झबल्यासारखा, म्हणून आपल्याकडच्या व्यापारात ती झबला पिशवी झाली. तुलीनच्या मुलाने पुढे सांगितलेली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कागदी पिशव्यांसाठी झाडं तोडली जातात म्हणून वडिलांनी टिकाऊ पिशवी शोधली, आणि ते स्वतः एक पिशवी घडी घालून कायम खिशात ठेवत, असं तो म्हणाला. म्हणजे ज्याने ही पिशवी जन्माला घातली तो ती घरून घेऊन निघत होता.

आपल्याकडेही सुरुवातीला तिचा मान तसाच होता. कापडाच्या दुकानातून मिळालेली जाड, रंगीत, दुकानाचं नाव छापलेली पिशवी घरात धुतली जाई, दोरीवर वाळत पडे, घडी होऊन गादीखाली जाई. पाहुण्याला डबा द्यायचा तर तीच बाहेर निघे आणि परत मागायचा संकोचही नसे. तोवर वडोद्याला आयपीसीएल या सरकारी कंपनीचा पेट्रोरसायन प्रकल्प 1970 च्या दशकाअखेर चालू झाला होता. मग हजिरा आला, 1991 नंतर आयात मोकळी झाली आणि दाणा स्वस्त झाला. पिशवी करणारी यंत्रं लहान, एका गाळ्यात मावणारी. गादीखालच्या पिशवीचं महत्त्व तिथे संपलं.

खरा पालट मालात झाला नाही, व्यवहारात झाला. विक्रेता पातळ पिशव्या किलोवर घेतो. पिशवी जितकी पातळ तितक्या एका किलोत जास्त. 50 मायक्रॉनऐवजी 20 मायक्रॉनची घेतली तर त्याच वजनात अडीचपट पिशव्या. एका पिशवीची किंमत मग इतकी घसरते की ती मागायची लाज दोघांनाही वाटत नाही, देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही. बाजारात शेजारी-शेजारी बसलेल्या दोन बायांपैकी एकीने द्यायला सुरुवात केली की दुसरीला द्यावीच लागते. ‘थैली नही शे’ म्हणणाऱ्या बाईचं गिऱ्हाईक पलीकडच्या ढिगाकडे वळतं. अशा रीतीने वाहून नेण्याचं काम गिऱ्हाइकाकडून विक्रेत्याकडे सरकलं, तेही विक्रेत्याच्या राजीखुशीने नव्हे. पिशवीचा खर्च भाजीच्या भावात मिसळला आणि दिसेनासा झाला. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात हे उघड दिसतं. दाळ्या वेगळ्या, खजूर वेगळा, साखरेचे हार-कंगन वेगळे, प्रत्येकाला एकेक पिशवी. डोंगरावरून टोपली घेऊन येणारी पिढी अजून आहे, पण तिची नातवंडं हात हलवत येतात.

पिशवीच्या बाजूनेही चार शब्द बोलले पाहिजेत. सातपुड्यातल्या पावसात कागद टिकत नाही आणि कापड चिंब होतं. उकाईच्या फुगवट्यातली ओली मासळी, पाझरणारा गूळ, रोजंदारी करून संध्याकाळी पाव किलो तेल नेणारा माणूस, यांना प्लास्टिकने खरी सोय दिली. शहरात बसून त्यावर नाक मुरडणाऱ्यांच्या घरातला कचरा या माणसाच्या कचऱ्याच्या कितीतरी पट असतो. फरक एवढाच, की शहरात निदान घंटागाडी येते. पाड्यावर येत नाही. तिथली पिशवी चुलीत जळते, गाईच्या पोटात जाते किंवा ओहोळातून खाली वाहते. शहाद्याची गोमाई प्रकाशाजवळ तापीला मिळते, नवापूरची रंगावली उकाईकडे जाते. नदीच्या मुखाशी तयार झालेला माल नदीतूनच परतीला लागतो.

सरकारने या सगळ्याकडे पाहिलं ते मायक्रॉनच्या भिंगातून. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. 1 जुलै 1998 ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि पुढच्याच वर्षी केंद्राने पहिला नियम केला: 20 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी नको. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला दिवसभरात 944 मिलिमीटर पाऊस झाला, गटारं तुंबली, पिशव्यांवर ठपका आला आणि 2006 मध्ये महाराष्ट्राने आपली मर्यादा 50 वर नेली. केंद्र 2011 मध्ये 40 वर आलं, 2016 मध्ये 50 वर, 30 सप्टेंबर 2021 पासून 75 वर आणि 31 डिसेंबर 2022 पासून 120 वर. हिशेब बरोबर आहे; पिशवी जाड झाली की महाग होते, फुकट देणं परवडत नाही, भंगारात तिला भाव येतो. पण भाजीच्या ढिगामागे बसलेल्या बाईने 49 आणि 51 ओळखायचे कसे? पालिकेच्या पथकाकडे मापाचं यंत्र असतं, तिच्याकडे फक्त बोटं असतात. दंड मात्र तिला.

या नियमांच्या गर्दीत एक कलम सगळ्यात कामाचं होतं आणि त्याच्याकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही. 2011 च्या नियमांत म्हटलं होतं की दुकानदाराने कॅरीबॅग फुकट द्यायची नाही. रोगाचं मूळ नेमकं इथेच होतं. 2016 मध्ये हेच कलम बदलून असं झालं की कॅरीबॅग देणाऱ्या विक्रेत्याने स्थानिक संस्थेकडे नाव नोंदवावं आणि वर्षाला किमान 48,000 रुपये, म्हणजे महिन्याला 4,000, भरावेत. नंदुरबारच्या बाजारात टोपलीभर वांगी विकणाऱ्याने महिन्याला चार हजार भरायचे! कलम कागदावरच राहिलं आणि 27 मार्च 2018 च्या दुरुस्तीने ते काढूनच टाकलं. त्याच्या चारच दिवस आधी, 23 मार्चला, महाराष्ट्राने आपली प्लास्टिक आणि थर्माकोल बंदी जाहीर केली होती. इकडे संपूर्ण बंदी, तिकडे किमतीचं कलम रद्द. मधली, करण्याजोगी वाट दोघांनीही सोडली.

महाराष्ट्राची बंदी तीन महिन्यांच्या मुदतीनंतर 23 जून 2018 पासून अमलात आली. पहिल्या वेळी 5,000 रुपये दंड, दुसऱ्या वेळी 10,000, तिसऱ्या वेळी 25,000 आणि तीन महिन्यांची कैद. त्या पावसाळ्यात राज्यभर लोक खरोखर थैल्या घेऊन बाहेर पडले, बचतगटांच्या शिलाई मशिनी चालू लागल्या. आठवडा-पंधरवड्यातच किरकोळ दुकानांतल्या वेष्टनाला सवलत मिळाली. नंदुरबारची अडचण आणखी वेगळी. हा जिल्हा गुजरात आणि मध्य प्रदेशाच्या मध्ये शिरलेला आहे. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. त्या काळात 51 मायक्रॉनची पिशवी फलाटाच्या एका टोकाला कायदेशीर आणि दुसऱ्या टोकाला पाच हजारांच्या दंडाला पात्र होती. पिशवीला सीमा वाचता येत नाही. 1 जुलै 2022 पासून एकदा वापरायच्या काही वस्तूंवर देशभर बंदी आली. योगायोगाने तो जिल्ह्याचा वाढदिवस. त्या यादीत काड्या, पेले, ताटल्या होत्या. कॅरीबॅगचा प्रश्न पुन्हा जाडीवरच सोडला होता.

तोवर घराण्यात तोतया शिरला होता. हाताला कापडासारखी लागणारी, रंगीत, कडक पिशवी, जिला लोक विश्वासाने कापडी म्हणतात. ती पॉलिप्रॉपिलीनची, न विणता दाबून केलेली, म्हणजे प्लास्टिकच. 2018 च्या बंदीत तीही होती. मग केंद्राने किमान 60 जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला 60 ग्रॅम वजनाची, असेल तर तिला परवानगी दिली आणि 2022 च्या अखेरीस महाराष्ट्रानेही वाट मोकळी केली. पाच-दहा वेळा वापरली की तिचे धागे सुटतात आणि मातीत मिसळत नाहीत. बचतगटातल्या बायांनी शिवलेली मांजरपाटाची थैली तिच्यापेक्षा महाग पडते, म्हणून बाजारात हरते. टोपलीचं झालं तेच पुन्हा, यावेळी वनखात्याशिवाय.

जगात काय झालं ते थोडक्यात सांगतो. बांगलादेशाने 2002 मध्ये पातळ पिशव्यांवर बंदी घातली, पण बाजारातून त्या कधी पुरत्या गेल्या नाहीत. त्याच वर्षी आयर्लंडने बंदी न घालता प्रत्येक पिशवीवर 15 सेंट लावले, तेही गिऱ्हाइकाने रोख मोजायचे, आणि वापर नव्वद टक्क्यांच्या आसपास घसरला. आयरिश माणूस आपल्यापेक्षा शहाणा आहे असं नाही. त्याला पिशवीची किंमत दिसली, इतकंच. आमच्या पायजम्याच्या थैलीमागेही तेच कारण होतं.

म्हणून माझं मागणं पथकांकडे नाही, बाजार भरवणाऱ्यांकडे आहे. आठवडे बाजारात बसणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याकडून बाजार फी वसूल होते आणि तिचा ठेका दिला जातो. त्या ठेक्यात एक अट घाला: बाजाराच्या तोंडाशी थैल्यांचं एक दुकान, थैल्या गावातल्याच बचतगटाच्या, टोपल्या नवापूरच्या. अनामत ठेवून थैली घ्यावी, पुढच्या बाजारी ती परत केली तर अनामत परत. विसरला त्याने पैसे मोजावेत, आणि ते त्याने स्वतः मोजावेत, विक्रेतीने नव्हे. ओल्या मासळीला आणि मटणाला सागाचं, पळसाचं पान किंवा घरचा डबा. धडगाव, मोलगी, नवापूर, कुठल्याही एका बाजाराने हे एक हंगाम करून पाहावं. भोंगऱ्याच्या आधी सुरुवात केली तर गर्दीचीच मदत होईल. आणि तोवर, वाचकहो, बाजाराला निघताना थैली आपली आपण घ्या.